पुठ्ठ्यावरचे डाग : जुन्या जीपची तेलगळती शोधायची कशी, थांबवायची कशी

सगळं काम होऊन जीप पुन्हा उभी राहिली त्या संध्याकाळी तिच्याखालची फरशी कोरडी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी सात डाग होते. मोजले, कारण मोजणं हाच माझा धंदा. २८ वर्षं दुसऱ्यांच्या हिशेबाच्या वह्या लिहितेय, आणि जुळत नसलेली रक्कम दिसली की मला जेवण जात नाही.

जीप वडिलांची. विलीज सीजे-३बी, १९५३ ते १९६८ या काळात निघालेलं ते उंच बॉनेटचं मॉडेल. इंजिन चार सिलिंडरचं, २१९९ सीसी, नाव हरिकेन. याचे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकच्या कुशीत, त्यामुळे व्हॉल्व्हवरची झाकणं दोन आणि गळायच्या जागाही दोन. तुमची गाडी दुसरी असेल. बोल्ट वेगळ्या जागी असतील, शोधायची रीत हीच राहील.

पहिला प्रश्न सगळे विचारतात तोच मीही विचारला. काम काढायच्या आधी ही इतकी गळत नव्हती, आता सांध्यांमधली सगळी पॅकिंगं नवी, फिरत्या शाफ्टभोवतीचे सील नवे, मग आता का? ज्यांनी तिचं काम केलं त्या मिस्त्रीकाकांनी हातातलं फडकं खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, "ताई, आधी मळाने बंद होती. आपण मळ काढला." खरं होतं. पण ते एकच कारण नव्हतं. नव्या पॅकिंगखाली जुना, खड्डे पडलेला पत्रा होता. नवा सील जुन्याच, चर पडलेल्या शाफ्टवर फिरत होता. काही सील कपाटात वर्षानुवर्षं पडून कडक झालेले होते. आणि सगळ्यात लाजिरवाणं म्हणजे रंग. रंगकामाची जबाबदारी माझी होती, त्याबद्दल पुढे सांगते.

गळतंय ते काय?

खाली वाकायच्या आधी बोटाने एक थेंब उचला आणि पांढऱ्या कागदावर टेकवा. इंजिन ऑइल काळपट तपकिरी असतं, जळकट वास येतो. गिअर ऑइलला गंधकाचा तो नकोसा वास असतो, एकदा नाकात बसला की विसरत नाही. ब्रेक ऑइल पाण्यासारखं पातळ, पिवळसर, बोटांना बुळबुळीत, आणि पाण्याने धुतलं जातं. ते रंग खातं, म्हणून हात लगेच धुवा. रेडिएटरचं कूलंट रंगीत आणि गोडसर वासाचं, पण विषारी. कुत्रा-मांजर चाटणार नाही इतकी काळजी घ्याच. ब्रेक ऑइल निघालं तर हा लेख बाजूला ठेवा. आधी ब्रेक, मग बाकी सगळं.

जाडीवरून मात्र फसू नका. डब्यावर एसएई ९० लिहिलंय म्हणजे ते इंजिनच्या ५० नंबरच्या तेलाच्या जवळजवळ दुप्पट घट्ट, असा समज असतो. गिअर ऑइलची मोजपट्टीच वेगळी आहे. ९० नंबरचं गिअर ऑइल गरम झाल्यावर साधारण ४० ते ५० नंबरच्या इंजिन ऑइलइतकंच घट्ट असतं. म्हणून वासावर विश्वास ठेवा, बोटावर नको.

पुठ्ठा

माझ्याकडचं सगळ्यात उपयोगी हत्यार म्हणजे फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा. जीप नेहमीच्या जागी लावते, पुठ्ठा खाली सरकवते. चारी चाकं कुठे आली त्याच्या खुणा मार्करने केल्यात, म्हणजे दर वेळी पुठ्ठा त्याच जागी बसतो. एकदा खाली झोपून, वर बघत बघत पुठ्ठ्यावर बाह्यरेषा काढल्या : हा इंजिनचा चेंबर, म्हणजे तळाची तेलाची परात, हा क्लचवरचा बेल हाउसिंग, हा गिअरबॉक्स, त्याच्यामागे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा ट्रान्सफर केस, हा मागच्या ॲक्सलचा गोळा. गाडीचा नकाशाच झाला. रोज सकाळी नव्या डागाभोवती वर्तुळ आणि शेजारी तारीख.

वहीत मी गळतीच्या चार पायऱ्या केल्या आहेत. ओलसर : फडकं लावलं तर डाग उमटतो, थेंब होत नाही. पाझर : भाग चकचकतो, खालच्या काठावर थेंब लटकतो पण पडत नाही. थेंब : रात्रीत एक-दोन पडतात. ठिबक : बघत उभं राहिलं तरी पडतात. ओलसर आणि पाझर यांच्या मागे मी लागत नाही. सत्तरीतल्या यंत्राला घाम येतो, येऊ दे.

हिशेब करून बघा. एका मिलिलिटरला साधारण वीस थेंब धरा. सात थेंब म्हणजे अर्धा मिलिलिटरसुद्धा नाही. महिनाभर रोज पडले तरी दोन चमचे. पण मिनिटाला एक थेंब म्हणजे दिवसाला १४४०, सुमारे ७२ मिलिलिटर, म्हणजे दोन आठवड्यांत लिटरभर. आणि चेंबरमध्ये असतं किती, चार लिटरच्या आसपास.

आता यातली गोम. पुठ्ठा फक्त उभ्या गाडीची गळती दाखवतो. चालत्या इंजिनात तेल दाबाखाली असतं आणि तेव्हा जे उडून जातं ते रस्त्यावर पडतं. म्हणून पुठ्ठ्याच्या जोडीला डिपस्टिकची नोंद हवी : सपाट जागा, इंजिन बंद करून दहा मिनिटं झालेली, किलोमीटरचा आकडा आणि तेलाची पातळी. पुठ्ठा कोरडा आणि डिपस्टिक उतरत चाललेली असेल तर तेल एक तर जळतंय, नाही तर चालताना पडतंय. उलट पातळी वाढत असेल तर आनंद मानू नका. तेल हुंगा. पेट्रोलचा वास आला तर मेकॅनिकल फ्युएल पंपाचा पडदा फाटून पेट्रोल चेंबरमध्ये उतरत असण्याची शक्यता मोठी. पातळ झालेलं तेल बेअरिंगं खातं आणि सगळ्या सांध्यांतून वाट काढतं. अशा वेळी पॅकिंग बदलून काही होत नाही. पंप दुरुस्त करून तेल बदलायचं, आणि तोवर इंजिन चालू करायचं नाही.

वर बघा, पुढे बघा

थेंब जिथून पडतो ती गळतीची जागा नसते. तेल वरून खाली येतं, आणि पंख्याचा वारा आणि गाडीचा वेग त्याला मागे ढकलतात. त्यामुळे बेल हाउसिंगखाली डाग दिसला की सगळे एका सुरात म्हणतात, "मागचा मेन सील गेला." क्रँकशाफ्ट इंजिनातून मागे जिथे बाहेर येतो तिथला हा सील, म्हणजे इंजिन उतरवायचं काम! माझ्या पुठ्ठ्यावरचे सातपैकी चार डाग तिथेच होते आणि मला तीन जणांनी इंजिन उतरवायला सांगितलं.

उतरवलं नाही. आधी धुतलं. रॉकेल आणि जुन्या ब्रशने इंजिन, चेंबर, बेल हाउसिंगचा खालचा भाग चकचकीत केला, साबणाच्या पाण्याने रॉकेल काढून टाकलं, पूर्ण वाळू दिलं. डिस्ट्रिब्युटर आणि कार्बोरेटर पिशवीने झाका, आणि रॉकेल वाळल्याशिवाय इंजिन चालू करू नका. मग टाल्कम पावडर. कोरड्या मऊ ब्रशने सगळ्या सांध्यांवर पांढरा हात फिरवला. इंजिन दहा मिनिटं जागेवर चालवलं, बंद केलं, टॉर्च घेऊन बघितलं.

पावडरीवर तेलाची वाट इतकी स्पष्ट दिसते की बघत राहावंसं वाटतं. ब्लॉकच्या बाजूला, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या झाकणाच्या मागच्या कोपऱ्यापासून एक करडी रेघ निघाली होती. ब्लॉकवरून तिरकी मागे, बेल हाउसिंगच्या कडेला, तिथून खाली वळून नेमकी तळाच्या भोकापाशी. दुसरी, केसासारखी बारीक रेघ ऑइल प्रेशरच्या मीटरकडे जाणाऱ्या तांब्याच्या नळीच्या जोडावरून. मागचा मेन सील बिचारा निर्दोष होता.

पावडरीने कळलं नाही तर तेलात मिसळायचा चमकणारा डाय मिळतो. अतिनील टॉर्च आणि पिवळा चष्मा घातला की गळती हिरवी-पिवळी उठून दिसते. मंद गळतीला तो बरा, कारण गाडी आठवडाभर चालवून मग बघता येतं. फक्त आधीचं सगळं तेल पुसलेलं हवं, नाही तर सगळंच चमकेल.

गाडीखाली जायचं तर जॅकवर विसंबू नका. घोड्या लावा, जमिनीवर राहिलेल्या चाकांना ओंडके लावा, आणि आत शिरायच्या आधी गाडी हलवून बघा. चालू इंजिनखाली मी शिरत नाही. पट्टा आणि पंखा बांगडी किंवा ओढणी बघत नाहीत, ओढून घेतात.

पॅकिंगच्या आधी श्वास

इंजिनाला श्वास घ्यावा लागतो. पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने जळलेला वायू थोडा तरी खाली चेंबरमध्ये उतरतोच. त्याला बाहेरची वाट नसेल तर आत दाब साठतो आणि तो दाब तेलाला प्रत्येक सांध्यातून बाहेर हाकलतो. मग तुम्ही पॅकिंगं बदलत राहा. एक बंद केलं की दुसरं सुरू.

हरिकेन इंजिनात हा वायू एका छोट्या, वेगळ्या व्हॉल्व्हमधून इनटेक मॅनिफोल्डकडे, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीकडे, ओढला जातो आणि ताजी हवा तेल भरायच्या नळीकडून आत येते. तपासायची रीत सोपी आहे. इंजिन गरम असताना, मंद गतीवर, तेल भरायच्या नळीचं झाकण काढा आणि तोंडावर पातळ कागद धरा. कागद हलकेच आत ओढला गेला तर श्वास ठीक. कागद फडफडून वर उडाला तर एक तर व्हॉल्व्ह तुंबलाय, नाही तर रिंगा झिजल्यात. आधी व्हॉल्व्ह काढा, स्वस्तातलं आधी. माझा कागद टाळ्या वाजवत होता.

व्हॉल्व्ह काढला तर आत काळी, डिंकासारखी घाण. रात्रभर रॉकेलमध्ये ठेवून, ब्रशने घासून, आतला भाग मोकळा हलतोय अशी खात्री करून परत लावला. आणि तेल भरायच्या झाकणातली जाळी? ती मी स्वतः हिरव्या रंगाने रंगवली होती. दोन हात. किती सुंदर दिसत होती! हवेला आत यायला भोक शिल्लक नव्हतं.

त्यानंतर मी अपराधी मनाने बाकीची भोकं तपासली. मागच्या ॲक्सलच्या नळीवर एक छोटा ब्रीदर, म्हणजे हवा सोडणारं बूच, असतो, तोही रंगाने बुजलेला. चालून तेल तापलं की आतली हवा फुगते, ब्रीदर बंद असेल तर ती पिनियनच्या, म्हणजे गोळ्यात शिरणाऱ्या शाफ्टच्या, सीलमधून तेल घेऊनच बाहेर पडते. सुईने रंग काढला, खालीवर हलतोय ना बघितलं. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसवर ब्रीदर असतील तर तेही असेच बघा. चिखलाने बुजतात, गांधीलमाश्या घर करतात, आणि माझ्यासारख्या बायका रंग मारतात.

एवढं झाल्यावर एकही पॅकिंग न बदलता आठवड्यात पुठ्ठ्यावरचे सात डाग तीन झाले.

ड्रेन प्लगचा वायसर

इथे नवशिक्यांची हमखास चूक होते, ती म्हणजे आणखी आवळणं. चेंबरच्या ड्रेन प्लगखाली तांब्याचा वायसर असतो. एकदा दाबला गेला की तांबं कडक होतं आणि पुढच्या वेळी पृष्ठभागाशी जुळवून घेत नाही. मग माणूस लांब पाना लावून पिळतो आणि चेंबरचे आटे जातात.

तांबं पुन्हा मऊ करता येतं. वायसर पॉलिश पेपरने घासून स्वच्छ करा. तारेत ओवून गॅसच्या निळ्या ज्योतीवर धरा. आधी त्यावर जांभळ्या-हिरव्या छटा धावतात, मग तो काळवंडतो, आणि खोलीत थोडा अंधार असेल तर मंद लाल दिसायला लागतो. लाल दिसला की पुरे, त्याहून जास्त नको. लगेच पाण्यात टाका. 'चर्र' होऊन काळी खपली बरीचशी सुटते. लोखंड असं विझवलं की कडक होतं, तांबं नाही, ते मऊच राहतं. बोटांनी वाकवून बघा, आधी टणक लागणारी चकती आता कागदी पुठ्ठ्यासारखी दबते. पुन्हा घासून दोन्ही बाजू सपाट करा, लावा, नेहमीच्या पान्याने नेहमीइतकंच आवळा. प्रेशर नळीच्या जोडावरचे वायसरही मी असेच केले आणि ती केसासारखी रेघ गेली.

कॉर्कचं पॅकिंग आणि पत्र्याचा चेंबर

चेंबर आणि दोन्ही व्हॉल्व्हची झाकणं पत्र्याची असतात आणि त्यांच्यामध्ये कॉर्कचं पॅकिंग. गळायला लागलं की कोणी तरी बोल्ट आवळतं. बोल्टभोवतीचा पत्रा आत खचतो, दोन बोल्टांमधला भाग वर उचलला जातो, आणि गळती वाढते. मग पुन्हा आवळतात. हे साठ-सत्तर वर्षं चाललेलं असतं.

झाकण काढून त्याच्या काठावर पोलादी पट्टी उभी धरा आणि मागे टॉर्च. प्रत्येक बोल्टच्या भोकाशी पट्टी टेकते की उजेड दिसतो ते बघा. माझ्या चेंबरच्या प्रत्येक भोकाभोवती बशीसारखा खळगा होता. काठ सपाट लोखंडी ठोकळ्यावर ठेवून गोल तोंडाच्या छोट्या हातोडीने खळगे उलट बाजूने हळूहळू बसवले. रविवारची अख्खी दुपार गेली आणि शेजारच्यांनी दोनदा डोकावून बघितलं. पण पुढचं सगळं काम याच दुपारीवर उभं होतं. काठावर रंग असेल तर खरवडून काढा. बोल्टच्या दाबाखाली आणि गरम तेलात रंग मऊ पडतो आणि आवळलेला बोल्ट आपोआप ढिला होतो. रंग बाहेरून द्यावा, सांध्यात नाही. हे मी स्वतःलाच सांगतेय.

कपाटात राहिलेलं कॉर्क वाळून आखडतं आणि भोकं बोल्टांशी जुळत नाहीत. फेकू नका, ओढू तर अजिबात नका. कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा, फुलून मूळ मापावर येतं. पुसून, जरा सुकवून लावा. मी झाकणाच्या बाजूला शेलॅकचा पातळ हात देते, म्हणजे ते जागेवर राहतं. ब्लॉकची बाजू कोरडी ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी अख्खं निघतं. बोल्टचं भोक आरपार आत तेलापर्यंत जात असेल तर त्या बोल्टच्या आट्यांना थोडा सीलंट लावा. तेल आट्यांवरूनही चढतं.

सगळे बोल्ट आधी हाताने बसवा. मग मधून सुरुवात करून एकदा इकडे, एकदा तिकडे असं बाहेर जा, पाव-पाव फेरा. पाना तीन बोटांत धरते, मुठीत नाही. कॉर्क कडेने किंचित फुगलेलं दिसलं की थांबायचं. इंजिन एकदा पूर्ण तापवून गार झाल्यावर पुन्हा एक फेरी, तेवढीच. त्यानंतर पाना लांब ठेवा.

आणि सिलिकॉन. मिस्त्रीकाकांच्या आधी जीप एका गॅरेजमध्ये काही महिने होती. चेंबर उघडला तेव्हा आत लाल सिलिकॉनच्या शेवया सापडल्या. या इंजिनात तेल ओढायची जाळी तेलावर तरंगते. तिच्या तोंडाशी अशा दोन शेवया अडकलेल्या. अजून चार असत्या तर तेलाचा दाब गेला असता आणि मी गळतीचं नाही, क्रँकशाफ्टचं रडगाणं लिहीत बसले असते. बाहेर जेवढं सिलिकॉन दाबून आलेलं दिसतं तेवढंच आतही आलेलं असतं, हे लक्षात ठेवा. ते फक्त कोपऱ्यांत लावायचं, जिथे चेंबरला इंजिनच्या पुढचं टायमिंग कव्हर आणि क्रँकशाफ्टला खालून धरणारी मागची बेअरिंग कॅप भेटतात. वाटाण्याच्या दाण्याएवढं.

त्याच मागच्या कॅपच्या दोन्ही अंगांना रबराच्या बारीक पट्ट्या असतात. त्या साधारण पाव इंच बाहेर राहायला हव्यात. चेंबर बसला की दाबल्या जातात आणि फट भरतात. माझ्या कोणी तरी नीटनेटकेपणाच्या हौसेने ब्लेडने सपाट कापल्या होत्या. तिथून येणारं तेलही मागच्या मेन सीलच्या नावावर खपतं.

खरंच मेन सील गेला असेल तर

सगळी वरची कारणं एकेक करून खोडून झाली, तरी बेल हाउसिंगच्या भोकातून इंजिन ऑइल येतंय, क्लच घसरतोय किंवा थरथरतोय, तर मग सील. तेव्हाही कॅमशाफ्टच्या मागच्या टोकाचा प्लग बघून घ्या, तोही फ्लायव्हीलच्या मागेच लपलेला असतो. आणि मेन बेअरिंग झिजून शाफ्ट खालीवर हलत असेल तर कुठलाच सील टिकणार नाही. हे काम मी स्वतः केलेलं नाही, मिस्त्रीकाकांच्या शेजारी बसून टॉर्च धरलाय. दोन तुकड्यांच्या रबरी सीलमध्ये त्यांनी दोन गोष्टींवर वेळ घालवला : सीलचा ओठ, म्हणजे शाफ्टला टेकणारी कड, इंजिनच्या आतल्या बाजूला आला की नाही, आणि तुकड्यांची टोकं कॅपच्या सांध्याच्या बरोबर रेषेत न येता थोडी सरकलेली आहेत की नाहीत.

फिरत्या शाफ्टचे सील

टायमिंग कव्हर, पिनियन, ट्रान्सफर केस, सगळीकडे नियम एकच. सीलची स्प्रिंग दिसणारी बाजू तेलाकडे. ओठाला तेल लावून बसवायचं. कोरडा ओठ पहिल्याच मिनिटात जळतो. शाफ्टवर खाचा असतील तर त्यावर पातळ प्लास्टिक गुंडाळून सील सरकवायचा, नाही तर ओठ चिरतो. टायमिंग कव्हरचे बोल्ट ढिले ठेवून आधी पुली आत घालायची, सील पुलीभोवती आपोआप मध्यावर येतो, मग बोल्ट आवळायचे.

सीलपेक्षा शाफ्ट महत्त्वाचा. तो पुसून त्यावर नख आडवं ओढा. नख अडकलं तर चर आहे आणि नवा सील त्या चरातून पहिल्याच दिवशी गळेल. उपाय दोन : सील एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवून ओठाला कोरी जागा देणं, किंवा शाफ्टवर स्टेनलेसची पातळ रिपेअर स्लीव्ह चढवणं. पॉलिश पेपर मारायचा असेल तर शाफ्टभोवती गोल फिरवा, लांबीच्या दिशेने किंवा तिरका नाही. तिरक्या रेघा स्क्रूसारखं तेल बाहेर ओढतात.

माझी खरी डोकेदुखी ट्रान्सफर केसची. सीजे-३बीचा हँडब्रेक चाकांवर नाही, ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडाशी, मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टवर आहे. तिथला सील गेला की तेल थेट हँडब्रेकच्या ड्रममध्ये. उतारावर ओढलेला हँडब्रेक निवांतपणे सुटायला लागला तेव्हा मला कळलं की हा डाग सौंदर्याचा प्रश्न नाही. या कामात एक धोका आहे. मागचा प्रॉपेलर शाफ्ट सोडवला की मागच्या चाकांना हँडब्रेकही धरत नाही आणि गिअरही नाही. पाना लावायच्या आधी चाकांना ओंडके, आणि ते दोन्ही बाजूंनी.

सील बदलला, स्लीव्ह चढवली, तरी थेंब येत होता. काकांनी फ्लँजचा मोठा नट काढला आणि वायसरच्या आत बोट फिरवून मला दाखवलं, ओलं. तेल सीलखालून नव्हे, शाफ्टच्या खाचांवरून, नटाच्या बाजूने बाहेर येत होतं. खाचांना आणि वायसरखाली सीलंट लावून नट बसवला, नवी कॉटर पिन घातली, बंद. तेलाने भिजलेले हँडब्रेकचे लायनर बदलले. पेट्रोलने धुऊन वापरा असा सल्ला मिळतो. ब्रेकच्या बाबतीत मी असली काटकसर करत नाही.

गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसची पातळी मात्र नेहमी एकत्र बघा. दोन्ही एकमेकांना चिकटलेले, आणि एकातलं तेल दुसऱ्यात सरकतं. ट्रान्सफर केस भरून वाहतोय आणि गिअरबॉक्स उपाशी, असं चित्र मी बघितलंय. भरताना भोकाच्या काठापर्यंतच. आणि पितळी भाग असलेल्या जुन्या गिअरबॉक्समध्ये जीएल-५ दर्जाचं तेल घालू नका. त्यातली जास्तीची रसायनं पितळ खाऊ शकतात. जीएल-४ घ्या.

चाकांपैकी एखाद्याच्या आतल्या बाजूला टायरवर ओली रेघ दिसली तर ती वहीत लिहीत बसू नका. ड्रम उघडा. गिअर ऑइल असो की ब्रेक ऑइल, लायनर ओला म्हणजे गाडी उभी. तसंच तेल एक्झॉस्टच्या पाइपवर पडत असेल तर तेही आजच बघा, त्याला पेट घ्यायला फार निमित्त लागत नाही.

गळती थांबवणाऱ्या बाटल्या? त्या रबराला फुगवतात. कडक झालेल्या रबरी सीलला काही दिवस बरं वाटतं. कॉर्कला, कागदी पॅकिंगला, चर पडलेल्या शाफ्टला त्यांचा काही उपयोग नाही. जास्त घट्ट तेल घालणं हाही असाच उपाय. थेंब कमी होतात, पण गार इंजिनात वरपर्यंत तेल पोचायला वेळ लागतो.

उभी गाडी जास्त गळते, कारण सीलचे ओठ वाळतात. पंधरा दिवसांतून एकदा मी तिला चांगली अर्धा-पाऊण तास फिरवून आणते, तेल पूर्ण तापेपर्यंत. जागेवर पाच मिनिटं घुरघुरवून बंद करणं वाईट. आत पाण्याचा दव धरतो आणि तेलात मिसळतो. वापरलेलं तेल हाताला लागू देऊ नका, त्वचेला ते घातक आहे. हातमोजे घाला. आणि ते गटारात किंवा मातीत ओतू नका. मी घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये साठवते आणि जुनं तेल गोळा करणाऱ्यांकडे देते, भिजलेल्या पुठ्ठ्यांसकट.

सध्या अकरावा पुठ्ठा चालू आहे. त्यावर एकच वर्तुळ आहे, ट्रान्सफर केसच्या मागच्या अंगाला. तिथे इंटरमीजिएट शाफ्ट केसमधून आरपार जातो आणि त्याचं भोकच झिजलंय. सीलंट लावला की सहा महिने बरं, मग पुन्हा दोन दिवसांत एक थेंब. कायमचं करायचं तर केस उतरवून भोकात बुश बसवावा लागेल. काकांनी विचारलं, "काढायचं का ताई?" मी वही उघडली, पानं मागे-पुढे केली आणि म्हटलं, "थेंबाखाली ताटली ठेवा काका. क्लचच्या कामाला कधी उघडू, तेव्हा बघू."